अणदूर, हुरडा आणि अनोळखी ठिपका

परवाच्या शनिवार-रविवारी गावी जाऊन आलो. गाव म्हणजे अणदूर. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या शेजारी. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव (माझ्या सगळ्या मार्कशीटांवर अजून उस्मानाबाद आहे आणि तोंडातही तेच येतं). बाहेरच्यांना सांगायची गावाची ओळख म्हणजे खंडोबा. आमचा देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. पौष पौर्णिमेची तिकडची यात्रा झाली की देव परत येतो. मी गेलो तेव्हा नुकताच आलेला होता, त्यामुळे गाव जरा खुशीत होतं.

निमित्त हुरड्याचं. खरं कारण वेगळं.

तर झालं असं की गुरुवारी आमच्या मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. एक नवीन काम येऊ घातलंय, म्हणाला. नौदलाच्या हवाई संरक्षणाचं नियोजन करायला मदत करणारं सॉफ्टवेअर, त्यातला सिम्युलेशनचा एक तुकडा. कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे. 'तुझं अलोकेशनचं काम चांगलं आहे, लीड करशील का? सोमवारी सांग.' बस्स, एवढंच. यापेक्षा जास्त मलाही सांगितलं नाही, त्यामुळे इथे गुपित फुटण्याची भीती नाही :)

मी गेली अकरा वर्षं जे सॉफ्टवेअर लिहितो ते एकाच जातीचं आहे. गोष्टी थोड्या, मागणारे जास्त, वेळ कमी. मग कुठली गोष्ट कुणाला द्यायची? ट्रक आणि गोदामं, टँकर आणि दूध संकलन केंद्रं. गणित म्हणून पाहिलं तर जहाजावरची क्षेपणास्त्रं आणि अंगावर येणारी विमानं हेही तेच. फक्त ट्रक चुकला तर ग्राहक फोनवर शिव्या देतो. इथे फोन करायला कोणी उरत नाही.

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो ते हा किडा डोक्यात घेऊनच.

अणदूरला समुद्र नाही. समुद्राचं सोडा, उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर लागलेला मी पाहिलाय. आणि तरी आमच्या घरात नौदलात पंधरा वर्षं काढलेला माणूस आहे. माझे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो. एकोणऐंशी साली गेले, चौऱ्याण्णव साली परत आले आणि तेव्हापासून सोयाबीन, तूर, ज्वारी. जहाजावर ते रडार प्लॉटर होते. लहानपणी आम्हाला त्याचा अर्थ एवढाच कळायचा की नाना उलटं लिहू शकतात. थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरली की ते बाहेरून आमची नावं लिहायचे आणि आम्हाला आतून ती सुलटी दिसायची. हा त्यांचा खेळ नव्हता, धंदा होता. जहाजाच्या ऑपरेशन्स रूममध्ये एक उभा पारदर्शक फळा असायचा. त्याच्या मागे उभं राहून, रडारवाला कानात सांगेल तसे ठिपके आणि आकडे मेणाच्या पेन्सिलीने उलटे लिहायचे, म्हणजे पुढच्या बाजूला बसलेल्या अधिकाऱ्यांना ते सुलटे वाचता येतात आणि मध्ये आपलं डोकं येत नाही. आज त्या फळ्याच्या जागी स्क्रीन आहेत. नाना त्या फळ्याच्या काळातले.

शनिवारी दुपारी हुरडा झाला. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. (हुरड्यावर एक वेगळा लेख होईल, इथे आवरतो.) सगळे आडवे झाल्यावर मी बाभळीखाली लॅपटॉप उघडला. आदल्या दोन रात्री जागून एक खेळण्यातला प्रोग्राम लिहिला होता, तो पुढे सरकवायचा होता.

आता थोडं गणित सांगतो. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण मग पुढचं तितकंसं कळणार नाही.

पृथ्वी गोल आहे ही शाळेतली गोष्ट जहाजावर जिवावर येते. रडारची लाट साधारण सरळ जाते, त्यामुळे क्षितिजाखालचं तिला दिसत नाही. साधं सूत्र आहे: रडारच्या उंचीचं वर्गमूळ अधिक येणाऱ्या वस्तूच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही मीटरमध्ये), गुणिले 4.12. उत्तर किलोमीटरमध्ये. रडार 25 मीटर उंच आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून 5 मीटरवरून येणारं धरलं तर उत्तर येतं जेमतेम 30 किलोमीटर. अणदूरहून सोलापूर यापेक्षा लांब आहे. सेकंदाला 300 मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला 100 सेकंद लागतात. आवाजाच्या तिप्पट वेगाने येणारं असेल तर अर्धं मिनिट. तेवढ्यात ते दिसायचं, ओळखायचं, ठरवायचं, आपलं क्षेपणास्त्र सोडायचं आणि ते तिथपर्यंत पोचायचं.

दुसरं गणित वाटणीचं. समजा दहा येतायत आणि माझ्याकडे सोळा आहेत. प्रत्येक कुणावर सोडायचं याचे पर्याय दहाचा सोळावा घात, म्हणजे एकावर सोळा शून्यं. हा प्रश्न अॅलन मॅन यांनी 1958 साली नीट मांडला आणि 1986 साली लॉइड आणि विट्सेनहाउझेन यांनी दाखवून दिलं की तो एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे प्रश्न मोठा होत गेला की अचूक उत्तर हमखास आणि झटपट काढून देणारी रीत कुणाकडे नाही. म्हणून मग 'बऱ्यापैकी चांगलं' उत्तर पटकन शोधणाऱ्या युक्त्या आल्या आणि हल्ली त्यांना मशीन लर्निंगची जोड. आणखी एक हिशोब, मला स्वतःला धक्का देणारा: आपलं एक क्षेपणास्त्र दहातल्या सात वेळा काम करतं असं धरा. प्रत्येकावर दोन-दोन सोडली तर एकेक थांबण्याची शक्यता 91 टक्के. वा! पण दहाच्या दहा थांबण्याची? 0.91 दहा वेळा गुणा. 39 टक्के. आणि तुमची वीस क्षेपणास्त्रं संपली.

जहाजावर समुद्राच्या मध्यात भराभर नवीन आणून भरता येत नाहीत हेही लक्षात घ्या. म्हणून हे सगळं आधी बसून ठरवावं लागतं. ताफ्यातलं कुठलं जहाज कुठे उभं राहील, कुठली दिशा कुणाची, कुणाचं रडार चालू आणि कुणाचं मुद्दाम बंद (रडार चालू केलं की आपण कुठे आहोत हे शत्रूलाही कळतं), पहिल्या हल्ल्याला किती खर्च करायचं आणि परतीच्या वाटेसाठी किती राखायचं. याला नियोजन म्हणतात. सॉफ्टवेअरची खरी जागा मला इथे वाटते: रात्रभर दहा हजार हल्ले खोटे-खोटे करून बघायचे आणि सकाळी सांगायचं की साहेब, तुमच्या योजनेला वायव्येकडे भोक आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. माझगाव डॉकने बांधलेली 'आयएनएस सुरत' 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ताफ्यात दाखल झाली. नौदलाने तिची ओळख करून देताना कृत्रिम बुद्धिमत्ता असलेली आपली पहिली युद्धनौका असं सांगितलं, कार्यक्षमता वाढवण्यासाठी देशी बनावटीची. त्यानंतर 24 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, याच जहाजाने अरबी समुद्रात पाण्यालगत येणारं लक्ष्य मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राने पाडून दाखवलं. 30 किलोमीटरवाला प्रश्न तो हाच. आणि गरज काय म्हणाल तर 23 डिसेंबर 2023 आठवा. 'केम प्लूटो' नावाच्या व्यापारी जहाजावर पोरबंदरपासून साधारण दोनशे सागरी मैलांवर ड्रोन येऊन आदळलं. आग लागली, खलाशी वाचले, नाताळच्या दिवशी जहाज मुंबईला पोचलं. त्यानंतर नौदलाने 'मुरगाव', 'कोची' आणि 'कोलकाता' या विनाशिका अरबी समुद्रात उतरवल्या. तिन्ही माझगावच्याच.

असो. तर बाभळीखाली मी माझ्या प्रोग्रामला हल्ल्यांमागून हल्ले खाऊ घालत होतो. काळ्या स्क्रीनवर मध्ये एक हिरवा त्रिकोण (माझं जहाज) आणि चारी बाजूंनी येणारे लाल ठिपके. ठिपका विझला की मला लहान मुलासारखा आनंद होत होता. खोटं कशाला बोलू.

नाना उठून आले. मागे उभं राहून बराच वेळ बघत राहिले.

"काय करायलास रं?"

सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग बोट स्क्रीनजवळ नेऊन म्हणाले, "पहिल्या धडाक्यालाच समदं संपवलास की. दुसरी खेप आली मंग?"

बरोबर होतं. माझा प्रोग्राम एकाच हल्ल्यापुरता शहाणा होता. उद्या नावाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. हे मी लिहून घेतलं, दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

"आन् हे लाल ठिपके कुणाचे हायत?"

"शत्रूचे."

"कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "नाना, तसं धरलंय. सोपं पडावं म्हणून."

ते हसले नाहीत. जमिनीवर बसले आणि काडीने मातीत तीन खुणा काढल्या. आपला, वैऱ्याचा, आणि अनोळखी. "बोगी म्हंजी अनोळखी. बँडिट म्हंजी वैरी हाय हे नक्की झालेला. रडारवर पयल्यांदा जे काय दिसतंय ते बोगीच असतंय. आमच्या फळ्यावर निम्मा वेळ निम्मे ठिपके बोगीच असायचे. मासेमारीवाले, गल्फला जाणारी इमानं, ढग, कधी तर पाखरांचे थवे. त्याला बँडिट करायचा हक्क मला न्हवता. मी फकस्त लिवायचो."

मी कोड उघडून बघितलं. पहिल्याच ओळीत यादीचं नाव होतं 'टार्गेट्स'. अनोळखी नावाचा प्रकारच नव्हता. जे दिसलं ते लक्ष्य. दोन रात्री जागून, चार कप कॉफी पिऊन मी एक असं यंत्र बनवलं होतं की ज्याला शंका घेताच येत नाही.

आणि ही चूक मी पहिल्यांदा करत नव्हतो, म्हणून ती जास्त लागली. काही वर्षांपूर्वी एका डेअरीसाठी टँकरच्या फेऱ्या ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. संकलन केंद्रांवरून रोज किती लिटर दूध जमलं तो आकडा यायचा. एका केंद्राचं नेटवर्क गेलं आणि आकडा आलाच नाही. माझ्या प्रोग्रामने रिकाम्या जागेला शून्य धरलं. दूध शून्य, तर टँकर कशाला पाठवायचा? दोन दिवस टँकर गेला नाही. तिथल्या लोकांनी दूध ओतून दिलं. 'माहीत नाही' आणि 'नाही' यातला फरक मी गाळला होता, आणि तोही सोपं पडावं म्हणूनच. त्या केंद्रावरच्या एका बाईचा फोन मला जोडून दिला होता. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सायेब, इचारायचं तरी." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

समुद्रावर 'माहीत नाही'चा गोंधळ काय करतो याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे 'व्हिन्सेन्स'. 3 जुलै 1988. अमेरिकेची ही क्रूझर एजिस नावाची, त्या काळातली सगळ्यात हुशार हवाई संरक्षण यंत्रणा घेऊन आखातात होती. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं प्रवासी विमान तिने पाडलं. 290 माणसं गेली, त्यात 10 भारतीय. आता गंमत (वाईट शब्द आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी की यंत्राच्या नोंदीत विमान वर चढत होतं हे बरोबर दिसत होतं. खोलीतली माणसं मात्र ते खाली, आपल्या अंगावर येतंय असं ओरडून सांगत होती. आणखी एक बारकावा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोटात गोळा आणणारा आहे. त्या ठिपक्याचा ट्रॅक नंबर मध्येच बदलला गेला आणि जुना नंबर दुसऱ्याच, लांबच्या विमानाला मिळाला. आयडीचा पुनर्वापर! डेटाबेसमध्ये हे करू नये म्हणून आपण पोरांना पहिल्या आठवड्यात ओरडतो.

तुम्ही म्हणाल, मग यंत्रावरच सोडा ना सगळं, यंत्र तर बरोबर होतं. थांबा. 2003 साली इराकमध्ये अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेने ब्रिटिशांचं टोर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं आणि मग दहा-अकरा दिवसांनी स्वतःच्याच नौदलाचं हॉर्नेट. तिथे बहुतेक काम यंत्रच करत होतं, माणूस नुसता बघत होता.

मग माणसावर सोडा? 14 जुलै 2006. लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ इस्रायलची 'हनित' ही युद्धनौका. तिच्यावर बराक ही क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा होती, जिची पहिली आवृत्ती आपल्याही जहाजांवर बसली आणि पुढची आपण इस्रायलबरोबर मिळून बनवली. ती त्या रात्री चालू नव्हती. कारण समोरच्याकडे जहाजावर मारायचं क्षेपणास्त्र असेल असं कुणी धरलंच नव्हतं. ते होतं. चार खलाशी गेले.

आणि आपलं घरचं. 27 फेब्रुवारी 2019, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरजवळ बडगामला हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं. आपल्याच क्षेपणास्त्राने. आतले सहा आणि जमिनीवरचा एक नागरिक. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असं उघड सांगितलं. आभाळात त्या सकाळी खरोखर शत्रूची विमानं होती, सगळ्यांचा श्वास अडकलेला होता, आणि एक ठिपका हळूहळू जवळ येत होता. मित्र असल्याची खूण त्याच्याकडून मिळत नव्हती. मी पुण्यात बसून त्या खोलीतल्या कुणाला शहाणपण शिकवणार नाही. पण 'उत्तर आलं नाही' याचा अर्थ 'वैरी' असा धरला गेला, एवढं मला माझ्या टँकरवरून कळतं.

हे सगळं मी नानांना सांगितलं नाही. बडगामचं तेवढं सांगायला गेलो तर ते म्हणाले, "ठावं हाय," आणि कणसं गोळा करायला लागले.

रात्री जेवणानंतर मी प्रोग्राम दुरुस्त करायला बसलो. ठिपक्यांना तीन प्रकार दिले. अनोळखीला एक शक्यता जोडली: हा वैरी असण्याची इतकी, प्रवासी विमान असण्याची इतकी. इथपर्यंत सरळ आहे, कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मग प्रोग्रामला विचारलं की सांग, सोडू का थांबू? आणि त्याने, म्हणजे गणिताने, मला उलट प्रश्न विचारला. वैऱ्याला सोडून दिलं तर नुकसान किती, आणि निरपराध्याला पाडलं तर किती? दोन आकडे दे.

पहिल्या जागी मी 100 लिहिलं, जहाज म्हणजे शंभर. दुसऱ्या जागी कर्सर लुकलुकत राहिला.

10 टाकून बघितलं. प्रोग्राम प्रत्येक अनोळखी ठिपक्यावर सोडत सुटला आणि जहाज बहुतेक वेळा वाचलं. 10,000 टाकलं. तो शहाण्यासारखा थांबून राहिला आणि जहाज पुन्हा पुन्हा बुडालं. मधले आकडे टाकत गेलो तसा तो मधलंच काहीतरी करत गेला. कुठलाही आकडा टाका, तो कुरकुर न करता चालतो, हीच भीती. त्याला कुठलाच आकडा चूक वाटत नाही. आणि एकदा तो आकडा आत गेला की वरून फक्त 'सिस्टिमची शिफारस' दिसते. पुढे कधीतरी कुणी तरुण लेफ्टनंट रात्री दोन वाजता ती शिफारस वाचेल. त्याच्याकडे 100 सेकंद असतील, कदाचित 30. तो ती बदलेल? निर्णय त्याचा असं आपण म्हणू, अहवालात तसंच लिहू. पण खरा निर्णय कुणीतरी महिन्याभरापूर्वी, चहा पिता पिता, एका चौकोनात आकडा टाईप करून घेऊन टाकलेला असेल. तो कुणीतरी मी असू शकतो.

'माणूस निर्णयाच्या साखळीत हवा' असं सगळे म्हणतात. मलाही मान्य. पण त्या अर्ध्या मिनिटात माणूस साखळीत असून काय करणार? त्याला काही करायला जागा असेल तर ती आधी, नियोजनाच्या टेबलावर. तिथे वेळ असतो, प्रश्न विचारता येतात, उत्तर नाही पटलं तर परत आखता येतं. म्हणून मला वाटतं की नियोजनाच्या सॉफ्टवेअरला 'निरुपद्रवी, नुसतं सल्ला देणारं' समजणं हाच मोठा घोळ आहे. गोळी सोडणाऱ्या यंत्रावर निदान सगळ्यांचं लक्ष असतं.

रविवारी सकाळी नानांना विचारलं की तुमच्या वेळी हा आकडा कुणाकडे असायचा?

त्यांनी आकड्याचं उत्तर दिलं नाही. पाळी बदलतानाचं सांगितलं. दर चार तासांनी पहारा बदलायचा. नवा माणूस आला म्हणून जुना लगेच उठून जायचा नाही. फळ्यावरचा एकेक ठिपका बोट ठेवून सांगायचा: हा कधीपासून आहे, कुणी बघितला, काय समजतोय आणि कशावरून समजतोय. नव्याने सगळं परत म्हणून दाखवायचं. मग तो म्हणायचा की आता माझ्याकडे. मग वहीत वेळ आणि नाव. "नाव न्हाई तर ठिपकाबी न्हाई," नाना म्हणाले. एकदा पेन्सिलीने एक ठिपका पुसायचा राहिला होता म्हणून त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं तेही सांगितलं, ते इथे छापण्यासारखं नाही :)

काकू आतून म्हणाल्या, "देवाचंबी तसंच की." खरंच की! खंडोबा अणदूरहून नळदुर्गला जातो तेव्हा नुसती पालखी उचलत नाहीत. दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये देव नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो. देव किती दिवस कुणाकडे हे कागदावर असतं. लहानपणी मला याचं हसू यायचं, देवाचा कसला करार! आता वाटतं की मूर्ती एक आणि गावं दोन असली की कुणाच्या ताब्यात कधी हे लिहून ठेवणारी माणसं व्यवहारी होती.

दुपारी निघायच्या आधी मॅनेजरला मेल लिहिली. काम घेईन असं लिहिलं, पण तीन गोष्टी घातल्या. एक, 'अनोळखी' हा प्रकार पहिल्या दिवसापासून डेटात पाहिजे, मागाहून चिकटवलेला नको, आणि माहिती आली नाही म्हणून कुठलाही ठिपका आपोआप वैरी होता कामा नये. दुसरी, नुकसानीचे ते आकडे कोडमध्ये पुरलेले नसतील. ते शिफारशीच्या शेजारी, त्याच स्क्रीनवर दिसतील: कुणी भरले, कुठल्या तारखेला, आणि आकडा बदलला असता तर शिफारस कशी बदलली असती. भरणारा माणूस नौदलाचा, त्या हुद्द्याचा. माझ्या टीममधला बावीस वर्षांचा पोरगा नाही, आणि मीही नाही. तिसरी, चाचणी करताना योजनेला हरवायला वेगळी माणसं बसवायची, ज्यांना आमच्या प्रोग्रामबद्दल अजिबात प्रेम नाही.

पाठवायच्या आधी मेल दोनदा वाचली. उद्धट वाटत होती का? थोडी वाटत होती. तिसरी अट काढून टाकावी असंही मनात आलं, मग तशीच ठेवली.

सोमवारी उत्तर आलं: 'गुड पॉइंट्स. दुसऱ्याबद्दल बोलू.' म्हणजे दुसरी अट अडणार. ग्राहकाला स्वच्छ स्क्रीन हवी असते हे मला अकरा वर्षांत पाठ झालंय. भांडण होईल. हरलो तर काय करणार हे अजून ठरवलेलं नाही, इथे मोठेपणाने 'राजीनामा देईन' वगैरे लिहिणं सोपं आहे आणि घराचे हप्ते माझे आहेत.

निघताना गाडी धुळीने माखलेली होती. डिकीत तुरीची डाळ, हुरड्याची पिशवी, काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. मी गाडीत बसून पट्टा लावत होतो तेवढ्यात नाना बाजूच्या काचेपाशी आले आणि धुळीत बोटाने काहीतरी लिहायला लागले. बाहेरून, सत्तरीच्या हाताने, पण सरसर. मला आतून सुलटं दिसलं: 'पोचला की फोन'.